पाण्याच्या रात्रीचा उंदीर

मुकुंदवाडीच्या द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात त्या नोव्हेंबरात एक उंदीर शिरला होता. दिसला कुणालाच नव्हता. पण सकाळी गुळाच्या डब्याचं झाकण उघडं सापडायचं, ओट्यावर गुळाचे कण सांडलेले असायचे आणि मुंग्यांची रांग थेट खिडकीपर्यंत गेलेली असायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा द्वारकाबाईंनी झाकणावर वरवंटा ठेवून दिला. आठवड्याभरानं पाहतात तर वरवंटा शेजारी नीट उभा करून ठेवलेला आणि गुळाचा खडा गायब. वरवंटा उचलून बाजूला ठेवणारा उंदीर जगात नसतो, हे दुसऱ्या कुणाच्या लगेच ध्यानात आलं असतं. द्वारकाबाईंना मात्र आधी राग येतो आणि विचार त्याच्या मागून चालत येतो. एवढं वजन हलवते म्हणजे घूसच असणार, असं ठरवून त्या बाजारातून जाळीचा पिंजरा घेऊन आल्या.

तसं पाहिलं तर नजरेच्या बाबतीत द्वारकाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कंपनीत त्यांनी बावीस वर्षं काचेच्या बाटल्या तपासल्या. समोर दिवा, दिव्यापुढून सरकणाऱ्या बाटल्या आणि स्टुलावर बसलेल्या द्वारकाबाई. केसाएवढी चीर असली तरी बाटली बाजूला. एखाद्या दिवशी खराब माल जास्त निघाला की साहेब लोक मशीनकडे धावायचे. द्वारकाबाई विचारायच्या, "आज येगळं काय झालंय ते सांगा आधी." भट्टीवर नवा माणूस होता, वीज गेली होती, वाळू ओली आली होती, असं काहीतरी निघायचंच. या एका सवालावर त्यांनी कंपनीत मान मिळवला होता. पण माणूस दुसऱ्याच्या बाटलीतली चीर बघतो, स्वतःच्या घरातली नाही, त्यातलाच हा प्रकार.

चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान रामकिसन गेले. तेही कंपनीतच फिटर होते. दोघांनी मिळून खोली-खोलीनं हे घर उभं केलेलं. खाली द्वारकाबाई एकट्या. वरच्या दोन खोल्यांत नऊ वर्षांपासून निजामुद्दीनभाई आणि त्यांची बायको अनवरी. भाई मोटारींचं वाइंडिंग करायचे, अनवरीभाभी शिवणकाम करायच्या. भाडेकरू म्हणून आले होते, पण आता द्वारकाबाई कुणालाही सांगताना "आमचे वरचे" एवढंच म्हणायच्या.

मुलगी सुलेखा नाशिकला, शाळेत शिक्षिका. आईला अकरा वर्षांपासून शुगर, आणि गेली दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. त्यामुळे सुलेखाचा जीव सदानकदा टांगणीला. साखर तपासायचं मशीन तिनंच आणून दिलं होतं. आकडा वहीत लिहायचा आणि फोनवर सांगायचा, असा तिचा हुकूम. द्वारकाबाईंनी हुकूम पाळला, पण आपल्या पद्धतीनं. उगाच रोज बोट कशाला टोचायचं आणि पट्टी कशाला वाया घालवायची? सकाळी उठल्यावर डोकं जड वाटलं, अंग मोडून आलं, की त्या दिवशी तपासायचं. एरवी बरं वाटतंय म्हणजे बरंच आहे.

त्यामुळे वहीत जो आकडा यायचा तो तीनशेच्या आसपासचाच. आणि नेमकं त्याच सकाळी मुंग्यांचं लफडं.

"आई, काल काय खाल्लंस?" सुलेखा फोनवर विचारायची.

"भाकर आन् मेथी. दुसरं काय खाणार?"

"मग दोनशे नव्वद कशी आली? आणि गूळ संपला म्हणत होतीस. आठ दिवसांपूर्वीच तर आणलास."

"उंदीर खातोय म्हणलं ना."

मग सुलेखा म्हणायची, "आई, मी वर्गात चाळीस पोरं सांभाळते. उंदराची गोष्ट मला नको सांगू."

द्वारकाबाईंना हे फार लागलं. साठीला आलेल्या बाईला पोटच्या पोरीनं गूळचोर म्हणावं! त्यांनी दिवाळीत अनारशाला हात लावला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तेच तीनशेचे आकडे बघून संध्याकाळचं इन्सुलिन चार युनिटांनी वाढवलं, तेव्हाही त्या मुकाट राहिल्या. "रात्री काही त्रास? घाम, थरथर, वाईट स्वप्नं?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, "काय नाय." एखाद्या रात्री गोधडीत घाम फुटतो हे त्यांना सांगण्याजोगं वाटलं नाही. गोधडी जाड आहे, फुटणारच घाम.

एकवीस तारखेला पाण्याचा वार होता. वार म्हणायचं, पण पाणी येणार आठव्या दिवशी, त्यामुळे कधी सोमवारी तर कधी मंगळवारी. द्वारकाबाई कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवत. पाणी संध्याकाळी सातच्या पुढं कधीही यायचं आणि वरच्या मजल्यावर चढायचंच नाही. थेट नळाला मोटर लावायची नाही हा रामकिसन यांचा नियम होता. मोटर लावली की गल्लीच्या टोकाच्या घराला थेंब मिळत नाही, म्हणून. ते गेले तरी नियम राहिला. त्यांची आणखी एक वस्तू राहिली होती. खालून वर जाणाऱ्या लोखंडी पाइपाजवळ त्यांनी सुतळीनं एक लहान पाना टांगला होता. नळानं फुसफुस केली की जो आधी ऐकेल त्यानं पान्यानं पाइपावर तीन ठोके द्यायचे. पाणी आलं. ऐकणाऱ्यानं उलट दोन ठोके द्यायचे. समजलं. अनवरीभाभींनी वर त्यासाठी जुना पळा ठेवला होता.

त्या दिवशी साडेसातला द्वारकाबाईंनी पोटावर सुई टोचली. कंपनीच्या भोंग्यावर बावीस वर्षं काढलेली बाई, तिची वेळ चुकत नाही. ताट वाढून पहिला घास घेतला, अर्धी भाकरी झाली, तोच नळ फुसफुसला. ताट झाकून उठल्या. तीन ठोके. वरून दोन.

पुढचे दोन तास काय चाललं हे सांगायला नको. ड्रम, टाकी, बादल्या, घागरी, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा. आपलं भरून झालं की वरच्यांचं. अनवरीभाभींचे गुडघे दुखतात आणि भाई दुकानातून उशिरा येतात, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या कळशा द्वारकाबाईच वर नेऊन द्यायच्या. सोळा पायऱ्या. बारा-चौदा खेपा.

"बस करो ताई, कित्ता चढते तुम!" अनवरीभाभी दारातून म्हणायच्या.

"तुमी गप बसा भाभी. माझे गुडघे अजून कंपनीचे हायेत."

पाणी गेलं तेव्हा साडेनऊ झाले होते. कमरेचा काटा ढिला झालेला. झाकलेल्या ताटातली भाकरी वाळली होती, ती काही घशाखाली उतरेना. अर्धी वाटी ताक पिऊन त्यांनी ताट उचललं. मग पिंजऱ्याच्या आकड्याला गुळाचा चांगला सुपारीएवढा खडा लावला, तो ओट्याखाली सरकवला, आणि "ये आता मुडद्या" असं म्हणून आडव्या झाल्या.

सकाळी जाग आली ती डोक्यात घण पडल्यासारखी. ब्लाउज पाठीला चिकटलेला आणि गार. नोव्हेंबरातल्या थंडीत उशीसुद्धा ओली होती. उठून पहिल्यांदा त्या ओट्याकडे गेल्या. पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. त्यांना आनंदच झाला. वाकून बघतात तर पिंजरा रिकामा. आत उंदीर नव्हता आणि आकड्याला गूळही नव्हता.

असं कसं होईल, म्हणून त्यांनी पिंजरा उचलला. तेव्हा उजव्या हाताचं बोट ठणकलं. तर्जनीचं नख निळं-काळं पडलेलं, आणि नखाच्या खाली पिंजऱ्याच्या दाराच्या पट्टीची सरळ खूण. दुसऱ्या हातानं त्यांनी तोंड पुसलं. ओठाच्या कडेला काहीतरी चिकट लागलं. जीभ फिरवली. गूळ.

द्वारकाबाई ओट्याखाली जमिनीवरच बसल्या. रात्री आपण उठलो, अंधारात इथवर आलो, पिंजऱ्यात हात घातला, बोट चेमटलं, गूळ खाल्ला, परत जाऊन झोपलो, आणि यातलं काहीही आठवत नाही. त्यांना भीती वाटली. एवढी भीती त्यांना रामकिसन गेले त्या दिवशीही वाटली नव्हती, कारण तेव्हा काय झालंय हे तरी कळत होतं.

मशीनवर आकडा आला तीनशे बारा. फोन तेवढ्यात वाजलाच. आकडा त्यांनी खरा सांगितला, बोटाचं आणि गुळाचं गिळलं.

सुलेखा यावेळी चिडली नाही, आणि तेच वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, "आई, आता बास. पुढच्या शनिवारी मी येते. तुला घेऊनच जाणार. वरच्यांना घर वापरू दे, नाहीतर कुलूप लाव. तू एकटी राहायची नाहीस."

"सुलू, अगं..."

"एखाद्या सकाळी तू फोन उचलला नाहीस तर मी काय करू? सांग ना. इथून तिथं पोचायला चार तास लागतात."

नाशिकला त्या गेल्या होत्या. चौथा मजला, लिफ्ट, दिवसभर बंद दारं. जावई सज्जन, पोरगी मायाळू, आणि करायला काडीचं काम नाही. या घरातली प्रत्येक वीट त्यांनी पाण्यात भिजवून दिली होती. पिंजरा हातात घेऊन त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर स्वतःवर चिडल्या. राग आला की त्यांना बरं वाटतं. बरं वाटल्यावर बावीस वर्षांचा जुना सवाल आपोआप तोंडात आला. काल वेगळं काय झालं होतं?

त्यांनी साखरेची वही काढली. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. दोन्ही शेजारी ठेवून दिवा लावला आणि स्टुलावर बसल्या. वहीत आकडे तीन: सहा तारीख, चौदा तारीख, आज बावीस. कॅलेंडरवर लाल गोल तीन: पाच, तेरा, एकवीस. त्यांनी ऑक्टोबरचं पान उलटलं. तिथंही जड डोक्याची सकाळ लाल गोलाच्या दुसऱ्याच दिवशी. एकही चुकार तारीख नाही.

"अगं बया," द्वारकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "उंदीर पाण्याच्या रातीलाच येतोय!"

आता हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. कॅलेंडर काखेत मारून त्या वर गेल्या आणि अनवरीभाभींना सगळं सांगितलं, बोटासकट. अनवरीभाभी पहिल्यांदा हसल्या, अगदी पदर तोंडाला लावून. पिंजऱ्यात हात घालणारी ताई त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. मग एकदम हसायच्या थांबल्या. त्यांच्या सासऱ्यांनाही शुगर होती.

"ताई, ये तो शक्कर गिरी रात में," त्या म्हणाल्या. "अब्बा कू भी ऐसाच होता था. पसीना पसीना, फिर उठके जो मीठा मिला वो खाते थे. सुबू पूछो तो कुछ याद नक्को." आणि मग त्यांचा चेहरा पडला. "पानी तो मेरेच वास्ते चढाते तुम. मेरी वजे से हुआ ना ये सब."

"तुमच्यामुळं कामून? अर्ध्या भाकरीवर उठलं कोण? मी ना?"

"सुलेखा कू बोलो."

"डॉक्टरकडं गेल्याशिवाय नाय. तिला नुसतं कळलं ना, तर शनिवारपर्यंतबी थांबायची नाय ती."

सोमवारी दोघी रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. टेबलावर वही, तिच्या शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर द्वारकाबाईंचं निळं बोट. डॉक्टरीणबाईंनी तिन्हीकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"सुई घेतल्यावर अर्धंच जेवलात?"

"पाणी आलं हो."

"आणि मग दोन तास ओझी वाहिलीत. इन्सुलिनला भाकरी मिळाली नाही, कामानं होती ती साखरही संपली. मेहनत केलेल्या रात्री साखर उशिरापर्यंत खाली येत राहते, अगदी पहाटेपर्यंत. तुमचं भान हरपत होतं आणि तरी तुम्ही उठून गूळ शोधत होतात." त्यांनी वही पुढं ओढली. "तो गूळ आणि घाबरलेलं शरीर, दोन्हींनी सकाळी आकडा वर नेला. मी तो आकडा बघून डोस वाढवला. रात्रीचं काही सांगितलं असतंत तर वाढवला नसता."

"म्हंजी मी चोर नाय?"

"त्या गुळानं तुम्ही तीन वेळा वाचलात, बाई. तो डब्यात नसता तर?"

द्वारकाबाईंनी आपल्या काळ्या नखाकडे पाहिलं. डब्यावर वरवंटा कुणी ठेवला होता? त्यांनीच. आणि पिंजऱ्यानं काम झालं नाही तर डब्याला कुलूप लावायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळचा डोस उतरवला. पाण्याच्या दिवशी तो आणखी किती कमी घ्यायचा ते कागदावर लिहून दिलं. ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, आणि टोचली की पाणी येवो नाहीतर देव येवो, जेवण पुरं करायचं. झोपताना साखर बघायची. उशाला ग्लुकोजची पावडर, पाण्याचा तांब्या. काही आठवडे पाण्याच्या रात्री तीन वाजता उठून तपासायचं. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे पावडर पाण्यातून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग थोडं खायचं. बेशुद्ध सापडल्या तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. हे शेवटचं त्यांनी अनवरीभाभींना सांगितलं.

"तीनला उठवणार कोण? एकट्या राहता ना?"

हाच तर सुलेखाचा प्रश्न होता.

"मैं तो उठतीच हूँ," अनवरीभाभी म्हणाल्या. "रात की नमाज, तहज्जुद पढने कू. पाइप पे ठोक दूंगी."

रिक्षात दोघींनी मिळून नियम ठरवले. वरून एक ठोका म्हणजे उठा. खालून दोन ठोके म्हणजे उठले. दोन नाही आले तर पुन्हा एक. तरी नाही आले तर अनवरीभाभी त्यांच्याकडे ठेवायची जादा किल्ली घेऊन खाली, गुडघे दुखले तरी.

शनिवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी सुलेखा आली. रिकामी मोठी बॅग आणि आईची गादी बांधायला नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं घेऊनच आली. द्वारकाबाईंनी तिला चहा दिला, आणि चहाबरोबर सगळी हकीकत सांगितली. सुलेखा ऐकता ऐकता रडवेली झाली. आपण आईला गुळाची चोरटी म्हणालो हे तिच्या मनाला डाचलं. पण ती शिक्षिका. डोळे पुसून म्हणाली, "कळलं ना काय होतंय, छान झालं. पण हे कळल्यावर तर मी तुला अजिबात ठेवणार नाही इथं."

"आज पाण्याचा वार हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आजची रात बघ. मंग काय ते ठरीव."

पाणी पावणेआठला आलं. ताट समोर होतं, सुई टोचून झाली होती. तीन ठोके देऊन द्वारकाबाई पुन्हा ताटावर बसल्या आणि नळ मोकळा वाहत असताना दीड भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. वाहतं पाणी बघत जेवायचं म्हणजे त्यांच्यासाठी शिक्षाच होती. सुलेखानं बादल्या लावल्या. इथवर सगळं कागदाबरहुकूम झालं. पण मुलीला दाखवून द्यायचं होतं ना, की अजून आपण खणखणीत आहोत! वरच्यांच्या कळशा भाई आज लवकर येऊन स्वतः नेत होते, तरी द्वारकाबाईंनी त्यांच्या हातून पाच-सहा हिसकावून घेतल्याच. झोपताना साखर एकशे अठरा. अर्धा कप दूध घेऊन त्या झोपल्या. सुलेखा शेजारी जागीच होती.

तीन वाजता पाइपावर ठण्ण झालं.

सुलेखा दचकून उठून बसली. आई हलली नाही. सुलेखानं हात लावला तर कपाळ घामानं चिंब. पुन्हा ठण्ण. ती आईला हलवणार, इतक्यात द्वारकाबाईंनी डोळे उघडले, कुठं आहोत हे कळायला एक क्षण घेतला, आणि अंधारात हात लांब करून पाना पकडला. पाइप खाटेजवळूनच जात होता. हात थरथरत होता, पहिला ठोका भिंतीवर बसला. मग नीट दोन.

"दिवा लाव," त्या म्हणाल्या. "मशीन दे. तू करू नको. माझं मला करू दे."

चौसष्ट. सुलेखा आकडा बघून पांढरीफटक पडली. द्वारकाबाईंनी पावडरचे तीन चमचे मोजले, थोडी चादरीवर सांडली, तांब्यातलं पाणी घातलं, ढवळलं आणि घटाघटा प्यायल्या. मग घड्याळाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटं. मायलेकी एका गोधडीत पाय घालून. वर अनवरीभाभींच्या पावलांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं द्वारकाबाईंचा हात थरथरायचा थांबला. सुलेखानं तो आपल्या हातात घेतला आणि काळ्या पडलेल्या नखावर बोट फिरवलं.

"लई लागलं होतं का गं?"

"कुणाला ठाव! मी झोपेत होते."

सुलेखाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. द्वारकाबाईही हसल्या. कितीतरी दिवसांत दोघी अशा हसल्या नव्हत्या.

दुसरा आकडा एकशे चार आला. द्वारकाबाईंनी दोन मारी बिस्किटं खाल्ली, वहीत दोन्ही आकडे लिहिले, पुढं "कळशा सहा जास्त" असंही लिहिलं, आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या. सुलेखा मात्र बराच वेळ छताकडे बघत पडली होती. नाशिकला रात्री तीन वाजता आईला कुणी उठवलं असतं? आपण दोघं दिवसभराचे दमलेले, दार लोटून झोपणारे. आपल्याला वाटलं असतं, आई शेजारच्या खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे. असा विचार करता करता तिलाही झोप लागली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती गाढ झोपली.

सकाळी द्वारकाबाईंना जाग आली तेव्हा डोकं हलकं होतं. ब्लाउज कोरडा होता, रात्रीच बदललेला. गुळाचा डबा बंद, ओटा स्वच्छ, मुंग्यांनी सुट्टी घेतलेली. पण शेजारी सुलेखा नव्हती. तिची मोठी बॅग दाराशी होती. निघायची तयारी झाली वाटतं.

त्या उठून बघायला लागल्या. सुलेखा पाइपाजवळ उकिडवी बसली होती. नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं सुटून जमिनीवर पडलेलं, दातात दोरीचं एक टोक. रामकिसन यांनी बांधलेली सुतळी कुजून एका धाग्यावर आली होती. सुलेखानं ती सोडली, पान्याला नवी दोरी ओवली आणि दोन गाठी मारून ओढून पाहिली. मग द्वारकाबाई खाटेवर पडल्यावर हात पोचेल एवढी ती खाली सोडली.

"झोप तिथं," ती म्हणाली. "पोचतोय का बघू."

द्वारकाबाई आडव्या झाल्या. हात लांब केला. पाना अलगद मुठीत आला. त्यांनी पाइपावर दोन ठोके दिले, आणि वरून, सकाळचे आठ वाजले असतानाही, पळ्याचे दोन ठोके लगेच परत आले.

"पोचतोय," द्वारकाबाई म्हणाल्या.